आल्बेर कामू : अर्थाच्या शोधातला माणूस

अस्तित्ववादी कादंबरी म्हटली की आपल्याला निराशा, एकटेपणा आणि जड तत्त्वज्ञान आठवते. फ्रेंच लेखक आल्बेर कामू यांचे नावही त्याच यादीत घेतात. ते स्वतः मात्र हे बिरुद नाकारत. त्यांचे आयुष्य वाचताना आम्हांला निराशेपेक्षा माणसांविषयीची ओढच अधिक जाणवली.

कामूंचा जन्म ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, फ्रेंच अमलाखालच्या अल्जीरियात झाला. वर्षभरातच वडील महायुद्धात कामी आले. आईला नीट ऐकू येत नसे, लिहिता-वाचताही येत नसे. लोकांच्या घरची साफसफाई करून तिने दोन मुले वाढवली. पोराने लवकर कमावते व्हावे, हा आजीचा हट्ट. प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जेर्मेन यांनी तिची समजूत घातली, मुलाला फुकट शिकवले आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले. सतराव्या वर्षी क्षयाने गाठले. आवडता फुटबॉल सुटला आणि जगण्याला अर्थ काय, हा प्रश्न घरीच चालून आला.

१९४२ साली ‘द आउटसायडर’ आली. तिचा नायक आईच्या अंत्यसंस्कारात रडत नाही. पुढे खुनाच्या खटल्यात ते न रडणेच त्याला भोवते. पण आम्हांला अधिक जवळची वाटते ती १९४७ ची ‘द प्लेग’. प्लेगमुळे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी आपल्याही घरांतून सांगितल्या गेल्या आहेत. या कादंबरीत ओराँ शहराच्या वेशी बंद होतात. कामासाठी आलेला एक पत्रकार तिथे अडकतो, पळून जायची खटपट करतो. आणि संधी हाती येते तेव्हा रुग्णसेवेसाठी मागे राहतो. हे शहर आता आपलेही आहे, असे त्याला वाटू लागते. कामूंचे स्वातंत्र्य ते हेच. अर्थ आयता मिळत नाही. कुठे आणि कोणासाठी उभे राहायचे, हे ठरवण्यातून तो घडतो. परमुलखात येऊन तिथलेच झालेल्या आपल्या घराण्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९५७ साली, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले. आईनंतर त्यांना आठवले ते जेर्मेन गुरुजी. कामूंनी त्यांना कृतज्ञतेचे पत्र लिहिले आणि नोबेलचे भाषणही त्यांनाच अर्पण केले.

४ जानेवारी १९६० रोजी मोटार अपघातात कामू गेले. सोबतच्या बॅगेत बालपणावरच्या अपुऱ्या कादंबरीचे हस्तलिखित सापडले. ती १९९४ साली प्रसिद्ध झाली. जिला ती कधीच वाचता येणार नव्हती, त्या आईला त्यांनी ती अर्पण केली होती.