दम लागायचा म्हणून त्यानं कॅमेराच छोटा केला, अन् जगाला ‘फुल फ्रेम’ मिळाली

कॅमेरा घ्यायचा ठरलं की पहिले आठ दिवस नुसते गोंधळात जातात. मिररलेस घ्यायचा हे पक्कं असतं. छोटा हवा हेही पक्कं असतं, कारण गळ्यात धोंडा बांधून फिरायची हौस कुणालाच नसते. मग एक जण सांगतो फुल फ्रेमच घे, दुसरा सांगतो एपीएस-सी पुरे झाला, तिसरा म्हणतो बॉडी राहू दे, पैसे लेन्समध्ये घाल.

या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एक माप आहे. ३६ बाय २४ मिलिमीटर. साधारण दोन पोस्टाची तिकिटं शेजारी शेजारी ठेवली तर होईल तेवढं. यालाच आपण फुल फ्रेम म्हणतो आणि बाकीचे सेन्सर याच्यापेक्षा किती लहान, त्यावर त्यांची लायकी ठरवतो.

गंमत म्हणजे हे माप मोठ्या कॅमेऱ्याचं म्हणून जन्माला आलंच नव्हतं. ते जन्माला आलं तेव्हा लोक त्याला खेळण्यातलं समजत होते. आणि ते रूढ केलं ते ज्याला चार पावलं चढ चढला तरी धाप लागायची अशा एका मेकॅनिकनं. त्याचं नाव ओस्कर बार्नाक.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागातल्या लिनोव नावाच्या गावातला. पोरगा हाताचा कुशल होता. बर्लिनजवळ लिश्टरफेल्डेमध्ये यंत्रकामाची उमेदवारी केली, मग इथं तिथं कारखान्यांत काम करत करत १९०२ मध्ये येना शहरातल्या झाइस कंपनीत लागला. झाइस म्हणजे भिंगांच्या धंद्यातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं नाव.

येनाच्या आजूबाजूला थुरिंगियाचं जंगल. डोंगर, झाडी, पायवाटा. बार्नाकला दोन नाद होते, डोंगरात भटकायचं आणि फोटो काढायचे. आणि अडचण एकच होती, दमा.

त्या काळी फोटो काढायचा म्हणजे काय असायचं ते बघा. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट लागायच्या. एका फोटोला एक प्लेट. त्या प्लेट ठेवायच्या लाकडी चौकटी, तो कॅमेरा, त्याची तिपाई, हे सगळं पाठीवर मारून डोंगर चढायचा. धडधाकट माणसाची दमछाक होईल, तिथं दम्याच्या माणसाचं काय?

दुसरा कुणी असता तर त्यानं फोटोचा नाद सोडला असता किंवा डोंगराचा. बार्नाकला दोन्ही सोडायचं नव्हतं. १९०५ च्या सुमारास त्यानं डोकं चालवलं की एकाच मोठ्या प्लेटवर पंधरा-वीस छोटे छोटे फोटो घ्यायचे, म्हणजे ओझं आपोआप कमी. फोटो आले खरे, पण ते मोठे करायला गेल्यावर सगळा दाणेदार चिखल दिसायला लागला. प्लेटवरचा मसाला एवढ्या बारीक कामासाठी बनलेलाच नव्हता.

कल्पना चुकीची नव्हती, माल चुकीचा होता. प्रकरण तिथंच थांबलं.

झाइसमध्ये त्याचा एक दोस्त होता, एमिल मेखाउ. सिनेमा न लुकलुकता दिसावा असा प्रोजेक्टर बनवायचं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी तो वेट्झलर गावातल्या लाइट्झ कंपनीत गेला आणि तिथं त्यानं बार्नाकचं नाव सुचवलं. जानेवारी १९११ मध्ये बार्नाक लाइट्झमध्ये दाखल झाला आणि प्रयोग विभाग सांभाळायला लागला.

आता लाइट्झ काही कॅमेरे बनवणारी कंपनी नव्हती. ती होती मायक्रोस्कोपवाली. पण पुढं जे झालं त्यात याच गोष्टीचा फायदा झाला असं मला वाटतं. मायक्रोस्कोपवाल्याला केसाएवढ्या फरकाची किंमत कळते. कॅमेरा छोटा करायचा म्हणजे सगळा खेळ त्या केसाएवढ्या फरकाचाच असतो.

तिथं सिनेमाचं काम चालूच होतं, त्यामुळं बार्नाकच्या हाताशी ३५ मिलिमीटरची सिनेमा फिल्म आली. लवचीक, दोन्ही कडांना भोकं असलेली, गुंडाळून खिशात मावणारी आणि काचेच्या प्लेटपेक्षा बारीक दाण्याची. जो माल येनात मिळाला नव्हता तो इथं समोर पडलेला होता.

सिनेमाच्या कॅमेऱ्यात ही फिल्म उभी सरकते आणि एका चित्राचं माप असतं १८ बाय २४ मिलिमीटर. बार्नाकला ते स्थिर फोटोसाठी अपुरं वाटलं. मग त्यानं फिल्म आडवी केली आणि दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली. १८ च्या दुप्पट ३६, दुसरी बाजू २४ च राहिली. झालं ३६ बाय २४.

म्हणजे आजची फुल फ्रेम ही सिनेमाच्या चित्राची दुप्पट आहे, बाकी काही नाही. आणि ज्या एपीएस-सी सेन्सरला लोक नाकं मुरडतात त्याचं माप असतं साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे बार्नाकनं दुप्पट केलेल्या त्या सिनेमाच्या चित्राच्या जवळपासच. एपीएस-सी घेतला म्हणून अर्धवट कॅमेरा घेतला असं मनाला लावून घेऊ नका. आख्खा सिनेमा त्याच्या आसपासच्या मापावर उभा राहिलाय.

१९१४ पर्यंत बार्नाकनं धातूचा, हातात मावणारा नमुना तयार केला होता. आज त्याला ऊर-लायका म्हणतात, म्हणजे आद्य लायका. त्यावर ४२ मिलिमीटरची लेन्स बसवली होती. ३६ बाय २४ च्या चौकोनाचा कर्ण निघतो साधारण ४३ मिलिमीटर, आणि लेन्स कर्णाच्या आसपासची असली की चित्र फार ताणलेलंही दिसत नाही आणि फार जवळ ओढलेलंही नाही. एकच लेन्स घ्यायची तर कुठली, या प्रश्नाला आजही ४० ते ५० च्या मधलं उत्तर मिळतं ते याच हिशोबामुळं.

हा डबा घेऊन बार्नाक वेट्झलरच्या रस्त्यांवर फिरायला लागला. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धासाठी सैन्यभरतीचा हुकूम लागला तेव्हाचा गावातला फोटो त्यानं याच कॅमेऱ्यानं काढला. मालकांचा मुलगा एर्न्स्ट लाइट्झ दुसरा त्याच वर्षी एक नमुना घेऊन न्यूयॉर्कला फिरून आला. पण महायुद्ध पेटलं आणि कॅमेऱ्याचं काम मागं पडलं. १९२० मध्ये वेट्झलरला पूर आला, तेव्हाही पाण्यात बुडालेल्या गल्ल्यांचे फोटो काढायला बार्नाक आपलं खेळणं घेऊन हजर होता. तिपाई मांडून, काळं फडकं डोक्यावर घेऊन असे फोटो निघाले असते का? अवघडच होतं.

तरी कॅमेरा अजून विकण्याजोगा नव्हता. कारण होतं लेन्स.

हे जरा नीट समजून घेऊ. मोठ्या प्लेटचा फोटो प्लेटएवढाच छापला तर लेन्समधली खोट झाकून जाते. पण ३६ बाय २४ चं चित्र १८ बाय १२ सेंटिमीटरचं करायचं तर ते पाचपट वाढवावं लागतं. लेन्सची प्रत्येक चूकही पाचपट वाढते. कॅमेरा जेवढा छोटा, तेवढी लेन्स चोख पाहिजे. नाहीतर येनामधल्या त्या दाणेदार चिखलाचीच दुसरी आवृत्ती निघायची.

हे कोडं सोडवलं माक्स बेरेक यानं. हा लाइट्झमधलाच शास्त्रज्ञ, सूक्ष्मदर्शकाच्या विद्येतला जाणकार. त्यानं ५० मिलिमीटर, एफ ३.५ ची लेन्स आकडेमोड करून उभी केली. आधी तिचं नाव अनास्टिग्माट होतं, मग एल्माक्स झालं, पुढं तिचंच सोपं रूप एल्मार नावानं गाजलं. ही लेन्स वापर झाला की नळीसकट आत ढकलून ठेवता यायची, म्हणजे कॅमेरा पुन्हा कोटाच्या खिशात. लायकाच्या गोष्टीत बार्नाकचं नाव घेतात आणि बेरेकला विसरतात. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण बेरेक नसता तर बार्नाकचा डबा संग्रहालयातला एक गमतीशीर नमुना म्हणून राहिला असता.

१९२३ मध्ये चाचणीसाठी थोडेसे कॅमेरे बनवले गेले. यांना शून्य मालिका म्हणतात. यात एक त्रास असा होता की फिल्म पुढं सरकवताना शटरची फट उघडी राहायची, म्हणून प्रत्येक वेळी लेन्सवर टोपी लावावी लागायची. ज्यांना वापरायला दिले त्यांची मतं संमिश्र आली. एवढुसं निगेटिव्ह बघून जुन्या जाणत्या फोटोग्राफरना ते गांभीर्यानं घ्यावंसंच वाटेना.

आणि वेळ कुठली होती? जर्मनीत चलन कोसळून नुकतंच कुठं सावरत होतं. माणसं पोतंभर नोटा घेऊन बाजारात जात होती तो काळ कालपरवाचा होता. अशा वेळी मायक्रोस्कोपच्या कंपनीनं कुणी न मागितलेल्या वस्तूत पैसा घालायचा का? वडिलांच्या मागं कंपनीची धुरा एर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांच्याकडं आली होती. जून १९२४ मध्ये त्यांनी बैठक बोलावली. बऱ्याच जणांचा सूर नकाराचा होता. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर लाइट्झ यांनी धोका पत्करायचा निर्णय दिला. मंदीत कामगारांच्या हाताला काम राहावं हाही विचार त्यामागं होता.

टोपीचा त्रास काढून टाकला गेला आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनात, कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा, दोन्हींची पहिली अक्षरं जोडून नाव ठेवलं लायका.

पहिल्या लायकाची लेन्स निघायची नाही. ५० मिलिमीटर दिलीय, त्यातच भागवा. १९३० मध्ये लेन्स फिरकीनं काढता-घालता येईल अशी सोय आली, पण सुरुवातीला प्रत्येक लेन्स त्या त्या बॉडीशी जुळवून घ्यावी लागायची. १९३१ पासून माप एकसारखं झालं आणि कुठलीही लेन्स कुठल्याही बॉडीला बसायला लागली. ३५, ५०, ९०, १३५ अशी मालिका तयार झाली. बॉडी एक, लेन्स अनेक हा छोट्या कॅमेऱ्यातला संसार इथून थाटला गेला. १९३२ च्या लायका दोनमध्ये लेन्सशी जोडलेला अंतरमापक आला, म्हणजे फोकस अंदाजानं लावायची कटकट संपली.

या कॅमेऱ्यांत आरसा नव्हता. बघायला वेगळी छोटी खिडकी, आणि लेन्सच्या मागं थेट फिल्म. आजच्या मिररलेसमध्ये आपण सेन्सरवरचं चित्रच स्क्रीनवर बघतो, त्यामुळं दोन्ही एकच आहेत असं म्हणता येणार नाही. पण आरसा नसण्याचा फायदा दोघांना सारखाच झाला. लायकाच्या फिरकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर होतं २८.८ मिलिमीटर. आरसा असलेल्या कॅननच्या डीएसएलआरमध्ये तेच अंतर ४४ आहे, आणि सोनीच्या मिररलेसमध्ये १८. त्यामुळं १९३० च्या दशकातली एल्मार आज एका साध्या अडॅप्टरनं मिररलेसला लागते आणि लांबचंही फोकस करते. डीएसएलआरला ती तशी लागत नाही, कारण लेन्सला जेवढं जवळ जायचं असतं तिथं आरसा आडवा येतो.

आता आपल्या खरेदीकडं वळू. बार्नाकनं आधी बघितलं की आपल्याच्यानं किती ओझं उचलतं, मग त्यात बसेल ते माप ठरवलं आणि शेवटी त्या मापाला पुरी पडेल अशी लेन्स होईपर्यंत थांबला. आपण दुकानात नेमकं उलटं करतो. छोटी बॉडी बघून भाळतो आणि लेन्स नंतर बघू म्हणतो. सोनीच्या ए७सीचं उदाहरण घ्या. फुल फ्रेम असूनही बॅटरी-कार्डासकट वजन ५०९ ग्रॅम. त्यावर २४-७० एफ २.८ ची दुसऱ्या पिढीची जीएम लेन्स चढवली की तिचेच ६९५ ग्रॅम, म्हणजे एकूण सव्वा किलोच्या घरात. त्याच बॉडीवर ४० मिलिमीटर एफ २.५ लावली तर लेन्सचं वजन १७३ ग्रॅम, सगळं मिळून सातशेच्या आत. बॉडी तीच, पण एक जोडी रोज बरोबर येईल आणि दुसरी कपाटात बसेल. लग्नाचं काम करायचं असेल तर झूमला पर्याय नाही, तिथं वजन सोसावंच लागतं. प्रवासात, रस्त्यावर, घरात पोराबाळांचे फोटो काढायला मात्र बहुतेकांचं छोट्या एका लेन्सवर भागतं. एपीएस-सी असेल तर ३५ ची लेन्स जवळपास ५० सारखं दाखवते, हेवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

एका लेन्सवर किती भागतं ते बघायचं तर आँरी कार्तिए-ब्रेसाँ बघा. या फ्रेंच माणसानं १९३२ मध्ये मार्सेमध्ये लायका घेतला आणि पुढं आयुष्यभर बहुतेक काम ५० मिलिमीटरवर केलं. तो स्वातंत्र्यानंतर लगेच भारतात आला होता. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींना भेटून तो बाहेर पडला आणि काही वेळातच त्यांची हत्या झाली. त्यानंतरच्या गर्दीचे, अंत्ययात्रेचे, शोकाचे त्याचे फोटो जगभर गेले. तिपाई मांडायला तिथं कुणाला सवड होती?

बार्नाकनं हे काही बघितलं नाही. तब्येतीनं त्याची पाठ कधी सोडलीच नाही, आणि १६ जानेवारी १९३६ ला बाड नाउहाइममध्ये तो गेला. वय ५६. तोवर जपानमध्ये लायकावरून धडे घेऊन क्वानॉन नावाचा नमुना बनू लागला होता. तीच पुढची कॅनन.

त्याचा स्वतःचा कॅमेरा मात्र टिकला. शून्य मालिकेतला १०५ नंबरचा, बघायच्या खिडकीवर त्याचं नाव कोरलेला. जून २०२२ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि तो १ कोटी ४४ लाख युरोला गेला. तोवर जगात कुठल्याही कॅमेऱ्याला एवढी किंमत आली नव्हती. आणि त्याची लेन्स बदलताही येत नाही, ५० मिलिमीटरच.