धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (जन्म : नाशिक, १० एप्रिल १९०१, मृत्यू : ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. सहकारी साखर कारखानदारीमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. देशातील किती माणसे काम करतात आणि ती कशी मोजावीत, या प्रश्नाशी असलेला त्यांचा संबंध त्या मानाने कमी परिचित आहे.

जीवन

गाडगीळांचे बालपण नागपुरात गेले. उच्च शिक्षण केंब्रिज विद्यापीठात झाले. तेथे लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२४ साली भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला. कारागिरांचे व्यवसाय मोडत गेले आणि भूमिहीन मजुरांची संख्या वाढत गेली, ही प्रक्रिया त्यात तपशिलाने मांडली आहे. सुरतेच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्यपद सांभाळल्यावर १९३० मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या गोखले संस्थेत आले व १९६६ पर्यंत तिचे संचालक राहिले. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते विठ्ठलराव विखे पाटलांचे सहकारी होते. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर प्र. चं. महालनोबिस व व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासह त्यांनी काम केले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी अल्पकाळ भूषविले.

श्रमशक्तीची मोजणी

संस्थेने १९३६-३७ मध्ये पुणे शहरातील कुटुंबांची नमुना पाहणी केली. मिळवती माणसे किती, त्यांचा व्यवसाय कोणता, वडिलांचा व आजोबांचा कोणता होता, हे घरोघर विचारण्यात आले. अशा पाहणीत एक अडचण लगेच पुढे येते. गिरणीत वा कचेरीत वेतनावर काम करणारा माणूस मोजणे सोपे असते. घरच्या शेतावर खुरपणी करणारी किंवा नवऱ्याच्या मागावर कांड्या भरणारी स्त्री कामकरी धरायची की नाही, हे मोजणाऱ्याच्या व्याख्येवर ठरते. गाडगीळांनी १९६४ साली दिल्लीत दिलेल्या कुंदा दातार स्मृती व्याख्यानांसाठी हाच विषय, भारतीय श्रमशक्तीतील स्त्रिया, निवडला. व्याख्याने पुढील वर्षी पुस्तकरूपाने निघाली.

त्या वेळी हाताशी असलेली १९६१ ची जनगणना उदार होती. हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला तासाभराहून अधिक नियमित काम करणारी व्यक्तीही तिने कामकरी मानली. त्यामुळे एकूण स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के स्त्रिया कामकरी ठरल्या. येथे छेद एकूण स्त्री लोकसंख्येचा आहे. १५ ते ५९ या कामकरी वयोगटाशी प्रमाण काढले, तर आकडा बराच वर जातो. दोन्ही दरांना सर्रास एकच नाव दिले जाते आणि तेथेच पुष्कळ गैरसमज होतात.

नियोजन आयोग

१९६७ ते १९७१ या काळात गाडगीळ आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे ‘गाडगीळ सूत्र’ १९६९ चे. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता, आणि तोही सगळ्या लोकसंख्येला, कामकरी वयाच्या नव्हे.

त्यांच्याच कारकिर्दीत, १९६८ मध्ये, आयोगाने बेकारीच्या अंदाजांची छाननी करण्यासाठी मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीचा अहवाल १९७० मध्ये आला. पगारी नोकरीभोवती रचलेल्या पाश्चात्त्य संकल्पना घरगुती शेती-उद्योगाच्या देशाला जशाच्या तशा लागू पडत नाहीत, आणि सर्व प्रकारच्या बेकारीचा एकच ठोक आकडा सांगण्यात अर्थ नाही, असा तिचा निष्कर्ष होता. चौथ्या पंचवार्षिक योजनेत असा ठोक आकडा दिला गेला नाही. बेकारी वाढत असताना सरकारने आकडाच न देणे ही राजकीयदृष्ट्या अवघड गोष्ट होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

गाडगीळांच्या मृत्यूच्या काही आठवडे आधी १९७१ ची जनगणना पार पडली. तिने प्रत्येकाचे मुख्य काम विचारले. घरकाम हे मुख्य काम नोंदवले गेल्याने शेतात राबणाऱ्या असंख्य स्त्रिया कामकऱ्यांतून वगळल्या गेल्या आणि दहा वर्षांपूर्वीचे २८ टक्के १२ टक्क्यांच्या आसपास उतरले. प्रत्यक्षात इतक्या स्त्रियांनी काम सोडले नव्हते. या घसरणीतील मोठा वाटा बदललेल्या प्रश्नाचा होता. १९८१ च्या जनगणनेत मुख्य व सीमान्तिक असे कामकऱ्यांचे दोन वर्ग करण्यात आले. त्याआधीच, १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, दांतवाला समितीच्या शिफारशींना अनुसरून नेहमीची, साप्ताहिक व दैनिक अशा तीन मापांनी रोजगार मोजण्यास सुरुवात झाली होती. त्यांपैकी पहिली दोन मापे आजच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीतही वापरली जातात.