समाधीवर कोरलेली भूमिती

दहावीच्या भूमितीत महत्त्वमापनाचे प्रकरण आले, की वृत्तचिती, शंकू आणि गोल यांच्या सूत्रांची उजळणी सुरू होते. परीक्षेपुरती पाठ करायची आणि पेपर संपताच विसरायची, असेच या सूत्रांचे प्राक्तन. मात्र गोलाची सूत्रे ज्याने सिद्ध केली, त्या आर्किमिडीजला तीच आपल्या आयुष्याची खरी कमाई वाटत होती. वृत्तचितीत बसवलेला गोल आपल्या समाधीवर असावा, अशी इच्छा त्याने आप्तांजवळ व्यक्त केल्याचे प्लुटार्कने नोंदवले आहे.

आर्किमिडीजचा जन्म इ. स. पू. २८७ च्या सुमारास सिसिली बेटावरील सिरॅक्यूज या ग्रीक नगरीत झाला. त्याचे वडील फिडिआस खगोलाचे अभ्यासक होते. राजा हिएरोशी त्याचा स्नेह होता आणि अलेक्झांड्रियाच्या विद्वानांशी पत्रव्यवहार. न्हाणीघरातून आनंदाने धावत सुटलेला आर्किमिडीज सर्वांना ठाऊक आहे. पण ती कथा त्याच्यानंतर सुमारे दोन शतकांनी विट्रुव्हियसने लिहिली. त्याच्या स्वतःच्या ग्रंथांत ती नाही. त्या ग्रंथांत आहेत ती प्रमेये आणि त्यांच्या काटेकोर सिद्धता.

शंकूचे घनफळ तेवढाच तळ आणि उंची असलेल्या वृत्तचितीच्या एकतृतीयांश असते, हे युडॉक्ससने आधीच सिद्ध केले होते. गोलाचे कोडे आर्किमिडीजने सोडवले. गोल ज्या वृत्तचितीत नेमका बसतो, तिच्या दोनतृतीयांश गोलाचे घनफळ असते आणि पृष्ठफळही दोनतृतीयांशच. ३ सेंटीमीटर त्रिज्येचा गोल घेतला, तर त्याला वेढणारी वृत्तचिती ६ सेंटीमीटर उंच होते. तिचे घनफळ पायच्या ५४ पट, गोलाचे ३६ पट आणि त्याच मापाच्या शंकूचे १८ पट भरते. शंकू, गोल आणि वृत्तचिती यांचे प्रमाण एकास दोनास तीन! एवढे ध्यानात राहिले, तर सूत्र विसरले तरी पुन्हा उभे करता येते.

हे त्याला सुचले कसे? त्याने या आकृत्यांचे अतिशय पातळ काप कल्पिले आणि ते मनातल्या तराजूत तोलून पाहिले. नववीच्या विज्ञानात वेग-काळ आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, असे शिकवतात. त्यामागेही अशाच पातळ पट्ट्यांची बेरीज असते. परंतु तराजूने उत्तर हाती आले, तरी ती सिद्धता नव्हे, हे त्याने एरॅटोस्थेनिसला स्पष्ट कळवले आणि निखळ भूमितीने तेच निष्कर्ष नव्याने सिद्ध केले.

पुढे रोमन सेनापती मार्सेलसने सिरॅक्यूजला वेढा घातला. वृद्ध आर्किमिडीजच्या यंत्रांनी रोमन सैन्याला दीर्घकाळ थोपवून धरले. अखेर इ. स. पू. २१२ मध्ये नगर पडले आणि एका सैनिकाच्या हातून आर्किमिडीज मारला गेला. त्याला जिवंत ठेवण्याची मार्सेलसची इच्छा होती. या मृत्यूने तो व्यथित झाला.

इ. स. पू. ७५ मध्ये सिसेरो अधिकारी म्हणून सिसिलीत आला, तेव्हा सिरॅक्यूजवासीयांना आपल्या या सुपुत्राच्या समाधीचा पत्ताही नव्हता. काटेरी झुडपांतून वर डोकावणाऱ्या स्तंभावर गोल आणि वृत्तचिती दिसली, त्यावरून सिसेरोने समाधी ओळखली. पुढे तीही काळाच्या उदरात गडप झाली.

त्याच्या तराजूच्या पद्धतीचा ग्रंथही असाच हरवला होता. तेराव्या शतकात चर्मपत्रावरील अक्षरे खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्या प्रार्थनांखालचा पुसट मजकूर ओळखला. १९९८ मध्ये न्यूयॉर्क येथे त्या हस्तलिखिताचा वीस लाख डॉलरना लिलाव झाला आणि त्यानंतर आधुनिक छायाचित्रणाने आणखी ओळी वाचता आल्या.

नगर पडले, यंत्रे मोडली, समाधीही उरली नाही. उरले ते दोनास तीनाचे प्रमाण. आज शाळकरी मुले वहीत जे सूत्र लिहितात, ते आर्किमिडीजने स्वतः निवडलेले आपले स्मारक आहे.