चिंतामणराव देशमुख : एक राजीनामा

चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, जन्म १८९६ चा. मॅट्रिकला पहिले, आयसीएसलाही पहिले. शाळेत त्यांचं उदाहरण ऐकलं नाही असा आपल्यात कोण असेल? १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये केंद्रात अर्थमंत्री, १९५२ ला कुलाब्यातून खासदार.

नागरिकशास्त्रात आपण संघसूची आणि राज्यसूची घोकल्या. पण राज्यांच्या सीमा बदलणं कलम ३ नुसार संसदेच्या हाती. विधानसभेचं मत मागवायचं, मानायलाच हवं असं नाही. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. शहर पेटलं, गोळीबारात माणसं मेली. (आपलं मुलुंड तेव्हा महापालिकेत नव्हतं, ते १९५७ साली आलं.)

देशमुख मोर्चेवाले नव्हते, फायलींत मुरलेले. त्यांचा आक्षेपही तसाच, पद्धतीचा : एवढा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चेविना झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही नाकारली गेली. कुलाब्याचा प्रतिनिधी आणि केंद्राचा मंत्री, दोघे एका खुर्चीत मावेनात. जुलैत त्यांनी खुर्ची सोडली. पाठीशी स्वतःचा पक्ष नसताना हे केलं, म्हणून मला ते त्या काळच्या कित्येक भाषणांहून मोठं वाटतं.

नोव्हेंबरात मुंबई केंद्राकडे न जाता द्विभाषिक राज्यात राहिली, १ मे १९६० ला महाराष्ट्राची राजधानी झाली. चिंतामणराव मात्र मंत्रिमंडळात परतले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९८२ साली हैदराबादला वारले.