स्वर घडवणारा वैद्य

केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला नवरात्रात रीघ लागते. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा बोलींच्या त्या कल्लोळात एखादे पोर ‘आई’ म्हणून हाक मारते. शब्द तोच, पट्टीही तीच. तरी शंभर बायांमधली एकच मागे वळते. कान हे कसे ओळखतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका जर्मन वैद्याने कित्येक वर्षे घालवली.

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचा जन्म १८२१ सालचा, पॉट्सडॅमचा. वडील शिक्षक. ओढ पदार्थविज्ञानाची; पण घरची ऐपत बेताची. लष्करात चाकरी करण्याच्या अटीवर सरकारी खर्चाने वैद्यकी शिकता येत होती, म्हणून ते डॉक्टर झाले. डोळ्याच्या आत डोकावण्याचे उपकरण त्यांनी १८५१ साली जगापुढे आणले. मग ते कानाकडे वळले.

तंबोऱ्याची एक तार छेडली, तरी तिच्यात मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर असतात. त्यांच्या कमीजास्त प्रमाणावर आवाजाचा पोत ठरतो, असे त्यांना आढळले. मुखाची पोकळी आकार बदलते, काही उपस्वर उचलून धरते आणि त्याच सुराचा ‘ओ’ किंवा ‘आ’ होतो.

हे पटवायचे कसे? त्यांनी विजेवर कंप पावणारे नादकाटे मांडले, प्रत्येकापुढे एक पोकळ नळी ठेवली आणि पेटीसारख्या पट्ट्यांनी नळ्यांची झाकणे उघडमीट केली. ना गळा, ना जीभ. तरी ‘उ’, ‘ओ’ ऐकू आले! ‘ए’ आणि ‘इ’ मात्र अवघड गेले, कारण त्यांना फार उंच उपस्वर लागतात. हे सारे १८६३ च्या त्यांच्या ग्रंथात आले.

त्या प्रयोगाच्या आकृत्या पाहून, जर्मन नीट न समजल्याने, ग्रॅहम बेल यांचा समज झाला की तारेतून स्वर धाडताही आले आहेत. त्या गैरसमजाच्या बळावर ते झटले आणि १८७६ साली टेलिफोन आला. हाच ग्रंथ तरुण रामन यांनी वाचला. १९१० च्या सुमारास ते नागपुरात सरकारी नोकरीत होते. १९२१ साली त्यांनी तंबोऱ्याच्या घोडीमुळे उपस्वर कसे खुलतात, ते दाखवले.

हेल्महोल्ट्झ १८९४ साली गेले. नाद कसा उठतो आणि कसा विरतो, यावरूनही कान पारख करतो, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले. आता यंत्र ही सारी लकब उचलते. घरच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढून पैसे मागणारे भामटेही निघाले आहेत. म्हणून फोनवर ओळखीचा आवाज रडत पैसे मागू लागला, तर फोन ठेवावा आणि आपल्याकडच्या नंबरावर स्वतः फोन लावून खात्री करावी. पोत घडवता येतो, हे त्या वैद्याने दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे.