सैंतेग्झ्युपेरी : टपालाच्या वाटेवरील लेखक

आंत्वान द सैंतेग्झ्युपेरी हे नाव उच्चारताच वाचकाला प्रथम आठवतो तो दूरच्या लघुग्रहावरून आलेला छोटा राजपुत्र. परंतु हा राजपुत्र ज्या वाळवंटात अवतरतो ते केवळ कल्पनेतले नाही. त्याच्या निर्मात्याने आयुष्याची उमेदीची वर्षे सहाराच्या काठाने टपालाची विमाने नेण्यात घालविली होती. ती विमाने दुबळी होती, आणि या लेखकाच्या वाङ्मयातील मानवी नात्यांची जाणीव त्या दुबळेपणातूनच वाढीस लागली.

२९ जून १९०० रोजी ल्यों येथे एका जुन्या सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. तो चार वर्षांचा होण्यापूर्वीच वडील वारले. सुट्टीत ज्या वाड्यात कुटुंब राहत असे, त्याच्या जवळच आंबेरिय येथे विमानांचे मैदान होते. सायकलवरून तेथे जाऊन यंत्रज्ञांना प्रश्नांनी हैराण करणाऱ्या या मुलाला १९१२ मध्ये प्रथम आकाशात जावयास मिळाले. पुढे नाविक विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. १९२१ मध्ये लष्करी सेवेसाठी स्ट्रासबूर्ग येथे असताना मात्र त्याने विमान चालविण्याची विद्या संपादन केली. १९२३ मधील एका अपघातानंतर वाग्दत्त वधूच्या घरच्यांनी विरोध केल्यामुळे त्याने वायुदलाकडे पाठ फिरविली. तरीही तो विवाह झाला नाही. त्यानंतर कारकुनी आणि मोटारट्रकची विक्री यांत त्याचा जीव रमला नाही.

१९२६ च्या अखेरीस तो तुलूझ येथील लातेकोएर यांच्या टपालकंपनीत दाखल झाला. विमानाने टपाल नेण्याचा पहिला अधिकृत प्रयोग भारतात झाला होता. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून सुमारे साडेसहा हजार पत्रे द्विपंखी विमानातून यमुनेपलीकडे नैनीला पोहोचविली होती. पंधरा वर्षांनंतर तुलूझची पत्रे पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेन व मोरोक्कोमार्गे थेट डाकारपर्यंत जाऊ लागली होती. मात्र हे दीर्घ अंतर कापणारी ब्रेगे-१४ ही द्विपंखी विमाने पहिल्या महायुद्धातून उरलेली होती. धातूच्या सांगाड्यावर कापड ताणून त्यांचे पंख बनविलेले असत, वैमानिकाची बैठक उघडी असे आणि वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास राही. एंजिन केव्हा दगा देईल याचा नेम नसे. दिदिए दोरा हा कडक शिस्तीचा प्रमुख नव्या वैमानिकांना आधी कारखान्यात एंजिनांवर राबवीत असे. सैंतेग्झ्युपेरीचीही सुरुवात तेथेच झाली.

कासाब्लांका ते डाकार या मार्गावर विमान उतरणे भाग पडले, तर वैमानिक वाळवंटी टोळ्यांच्या हाती सापडे. त्याला खंडणीसाठी ओलीस धरले जाई. काहींना प्राणही गमवावे लागले. म्हणून तेथे विमाने जोडीने पाठविण्यात येत. एकाचे एंजिन बंद पडले की दुसऱ्याने खाली उतरून सोबत्याला आणि टपालाला उचलून घ्यावयाचे. १९२७ मध्ये सैंतेग्झ्युपेरीची नेमणूक काप जुबी येथील थांब्याचा प्रमुख म्हणून झाली. एकीकडे समुद्र, दुसरीकडे वाळू आणि शेजारी स्पॅनिश किल्ला. तेथे लाकडी खोपटात राहून त्याने टोळ्यांशी बोलणी केली, पडलेल्या वैमानिकांचा शोध घेतला आणि रात्री आपली पहिली कादंबरी लिहिली. ‘कुरिए स्युद’ ही ती कादंबरी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी तो अर्जेंटिनातील टपालमार्गाची व्यवस्था पाहण्यासाठी ब्वेनोस आयरेसला गेला. १९३० च्या जूनमध्ये त्याचा मित्र आंरी गियोमे याचे पोतेझ-२५ हे द्विपंखी विमान अँडीज पर्वतात हिमवादळात सापडले. सैंतेग्झ्युपेरी दिवसांमागून दिवस शिखरांमधून त्याचा शोध घेत हिंडला. पण गियोमे स्वतःच बर्फातून अनेक दिवस चालत परतला. आपली वाट पाहणारी माणसे आहेत, या एका विचाराने त्याची पावले पडत राहिली होती. १९३१ च्या ‘व्हॉल द न्वी’ या कादंबरीत याच जबाबदारीची दुसरी, कठोर बाजू दिसते. रात्रीच्या वादळात वैमानिक हरवतो, तरी प्रमुख रिव्हिएर पुढचे विमान थांबवीत नाही. काही पत्रांसाठी एका माणसाचा जीव पणाला लावावा काय, या प्रश्नाला लेखकाने सोपे उत्तर दिलेले नाही. या कादंबरीला फेमिना पारितोषिक लाभले.

कंपनी मोडकळीस आल्यावर ते सोबतीचे जगही विस्कटले. १९३५ च्या अखेरीस पॅरिस ते सायगाव या विक्रमी प्रवासात त्याचे विमान लिबियाच्या वाळवंटात कोसळले. तहानेने मरणोन्मुख झालेल्या त्याला व यंत्रज्ञ प्रेव्हो याला एका बदाऊनीने वाचविले. हा अनुभव आणि गियोमेची कथा १९३९ च्या ‘तॅर देझॉम’ या ग्रंथात आली. पुढील वर्षी गियोमेचे विमान भूमध्य समुद्रावर पाडण्यात आले. तत्पूर्वीच, १९३६ मध्ये, जुना सहकारी मेर्मोझ अटलांटिकवर नाहीसा झाला होता.

१९४३ मध्ये न्यू यॉर्क येथे ‘ल पती प्रँस’ प्रसिद्ध झाले, आणि त्याच सुमारास त्याचा लेखक युद्धावर परतला. जुन्या दुखापतींमुळे त्याला उड्डाणाचा पोशाखही मदतीवाचून चढविता येत नसे. लाइटनिंग विमानासाठी ठरलेली वयोमर्यादाही त्याने केव्हाच ओलांडली होती. ३१ जुलै १९४४ रोजी तो कॉर्सिकातून छायाचित्रणाच्या मोहिमेवर निघाला आणि परत आला नाही. १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्याच्या नावाची साखळी सापडली. २००४ मध्ये समुद्रतळावरील अवशेषांची ओळख पटली. विमान कशामुळे पडले, हे त्या अवशेषांनी सांगितले नाही.

ते विमान ब्रेगेच्या कितीतरी पट वेगवान होते. त्यात दोन एंजिने होती, मात्र बैठक एकच होती. कापडी पंखांच्या काळात ज्याने जोडीने उडण्याचा धर्म शिकून तो साहित्यात आणला, त्याच्या अखेरच्या उड्डाणात शेजारी खाली उतरणारे दुसरे विमान नव्हते.