रघुनाथरावांचा न मिटलेला खटला

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. अवघ्या बाराव्या वर्षी बोहल्यावर उभे केलेले समर्थ मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द ऐकताच मंडपातून निघून गेले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. ब्रह्मचर्य आणि संयम यांची थोरवी सांगताना आपल्याकडे हाच दाखला पुढे केला जातो. तीर्थपुरी हे गाव याच तालुक्यातले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आल्यापासून येथे ऊस वाढला. पण मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतून दिवाळी सरताच तोडणीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचे तांडे काही थांबले नाहीत. तोडणीच्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती या जोडीवर. वयात आलेली मुलगी मागे गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापांची धास्ती आणि जोडी झाल्याशिवाय उचल नाही, हा धंद्याचा नियम. या दोहोंच्या कात्रीत दहावीच्या आधीच मुलीच्या कपाळी मुंडावळ्या बांधल्या जातात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले होते. जालन्यासह मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांचे प्रमाण या सरासरीहून बरेच अधिक आहे. समर्थांना मंडपातून निघून जाता आले. या मुलींना ते करता येत नाही.

शाळेने मुलामुलींना केवळ संयम शिकवावा की शरीराचे, गर्भधारणेचे आणि रोगांपासून बचावाचे शास्त्रीय ज्ञानही द्यावे, हा वाद आजचा वाटतो. वस्तुतः तो महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला आणि एका माणसाने त्याची किंमत आयुष्यभर मोजली. त्या माणसाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ चिरंजीव. १८९१ मध्ये त्यांच्या मातोश्री राधाबाई वारल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. संमतिवयाचा कायदा झाला तो याच वर्षी. पतीनेदेखील बारा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध ठेवता कामा नये, एवढाच त्या कायद्याचा आशय. पण तेवढ्यावरूनही सारा महाराष्ट्र दुभंगला होता. १८९३ मध्ये अण्णासाहेबांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि कर्वे कुटुंबावर बहिष्काराची आपत्ती आली. समाजाच्या रूढीपेक्षा आपली बुद्धी काय सांगते याला अधिक मान द्यावयाचा, आणि त्याबद्दल जे सोसावे लागेल ते तक्रार न करता सोसावयाचे, हा धडा या मुलाने कोणत्याही पुस्तकातून नव्हे तर घरातून घेतला.

१८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. गणित हा त्यांचा विषय. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते प्राध्यापक झाले आणि पहिले महायुद्ध संपल्यावर गणिताच्या पुढील अभ्यासासाठी पॅरिसला गेले. तेथे त्यांना फ्रेंच भाषा लाभली आणि तिच्याबरोबर लैंगिक विषयांवर संकोच न करता लिहिणाऱ्या युरोपीय विचारवंतांचे ग्रंथही लाभले. गणिताची शिस्त मात्र त्यांनी सोडली नाही. गृहीत तपासावयाचे, सिद्धता मागावयाची आणि उत्तर गैरसोयीचे आले तरी ते खोडावयाचे नाही, ही त्यांची रीत होती. तीच रीत ते ज्या विषयाला लावू लागले, त्या विषयाचे नाव घेण्यासही तत्कालीन सभ्य समाज धजत नव्हता.

१९२१ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले प्रसिद्ध केंद्र उघडले होते. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. मागे होता तो मुंबईचा समाज. १९२३ मध्ये त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एक संततिनियमनावर, दुसरे गुप्तरोगांपासून बचावावर. आजच्या भाषेत ज्याला सुरक्षित लैंगिक संबंधांचे शिक्षण म्हणतात, त्याची ही मराठीतील सुरुवात होय. पत्नी मालतीबाई यांची त्यांना आरंभापासून साथ होती. मूल न होऊ देण्याचा निर्णय या दांपत्याने विचारपूर्वक घेतला आणि पाळला. जो उपदेश लोकांना करावयाचा तो आधी स्वतःच्या घरी लागू करावयाचा, एवढी त्यांची सचोटी होती.

रघुनाथराव त्यावेळी विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. हे महाविद्यालय ख्रिस्ती मिशनचे. तेथील चालकांना आपल्या प्राध्यापकाचे हे कार्य मानवले नाही. प्रचार थांबवावा किंवा नोकरी सोडावी, असा प्रसंग आला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मध्यमवर्गीय वाचकाने या घटनेचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. दरमहा ठरलेल्या तारखेला मिळणारा पगार, समाजातील मान आणि म्हातारपणाची निश्चिंती यांवर एका हाताने पाणी सोडणे सोपे नसते. तशी स्थिर प्राध्यापकी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही.

१५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. लेखन, संपादन, मुद्रिते तपासणे, अंक रवाना करणे ही सारी कामे बव्हंशी एकट्यानेच करून त्यांनी ते अखेरच्या श्वासापर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ चालविले. मासिकाचा खरा प्राण होता तो वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांत. धातू गेल्याने आयुष्य गेले या भीतीने पोखरलेले तरुण, दर वर्षाच्या बाळंतपणाने खंगलेल्या बायकांचे चिंतातुर नवरे, कोणाजवळ बोलता न येणाऱ्या शंकांनी झोप उडालेली माणसे या मास्तरांना पत्र लिहीत. मास्तर कोणाला पापी म्हणत नसत. हा रोग नव्हे, हा रोग आहे, याला हा उपाय, याला उपायाची गरज नाही, अशी कोरडी आणि नेमकी उत्तरे ते देत. त्या कोरडेपणातच मोठी करुणा होती. कारण या भीतीवर वैदू आणि भोंदू यांचा केवढा धंदा चालतो, हे ते जाणून होते. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर रंगविलेल्या जाहिराती पाहिल्या म्हणजे तो धंदा अद्याप बुडालेला नाही, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

सरकारने आणि सनातन्यांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना शंभर रुपये दंड झाला. अपिलातही तो कायम राहिला. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. यावेळी त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयाचे मासिक असेल तर प्रश्न लैंगिक असणारच आणि शास्त्राला धरून दिलेले उत्तर अश्लील ठरवायचे असेल तर ज्ञानच अश्लील ठरवावे लागेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला गेला आणि दोनशे रुपये दंड झाला. परंतु बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाच्या वतीने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडण्यात आला. बाळंतपणात मरणाऱ्या आणि खंगणाऱ्या स्त्रियांच्या बाजूने आलेला तो ठराव सभागृहाने फेटाळला.

रघुनाथरावांना खरा विरोध होता तो केवळ पोलिसांचा नव्हे. तो त्या काळच्या सर्वांत थोर माणसाचा होता. संततिनियमन हवे, पण ते आत्मसंयमाने, साधनांनी नव्हे, असे गांधीजींचे मत होते. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्याला येऊन भेटल्या, दीर्घ चर्चा झाली. पण गांधीजी आपल्या मतावर अढळ राहिले. या मतामागे स्त्रीविषयीचा अनादर नव्हता. साधने हाती आली की पुरुष आपली वासना स्त्रीवर अधिकच लादील, ही त्यांची भीती खरी होती आणि ती आजही थट्टेवारी नेण्यासारखी नाही. रघुनाथरावांचे उत्तर असे की, संयम हा ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने करावयाचा असतो. घरात सत्ता पुरुषाची. पुरुषाने संयम केला नाही तर भोगावे लागते स्त्रीला. मग तिच्या हाती एखादे साधन असू नये काय? शिवाय शरीरसुख हे पाप आहे, हे गृहीतच त्यांना मान्य नव्हते. स्त्रीलाही या सुखाचा हक्क आहे, असे ते म्हणत आणि हे त्यांचे म्हणणे संततिनियमनाला अनुकूल असलेल्या अनेकांनाही पचले नाही.

त्यांचे सारेच विचार आज स्वीकारावे असे नाही. सुप्रजननाच्या त्या काळच्या कल्पनांचा प्रभाव त्यांच्यावरही होता आणि त्या कल्पनांचा पुढे युरोपात केवढा दुरुपयोग झाला हे जग जाणते. त्यांची भाषा अनेकदा कठोर होई. मासिकाच्या मुखपृष्ठावरील विवस्त्र स्त्रीचित्रांनी तर सहानुभूती असणारेही बिचकत. माणसे आपल्या बाजूला वळवून घेण्याची जी हातोटी अण्णासाहेबांपाशी होती, ती त्यांच्या मुलापाशी नव्हती. वडिलांना महिला विद्यापीठ उभे करता आले, १९५८ मध्ये भारतरत्न हा किताब मिळाला. मुलाला दोनदा दंड झाला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव निवर्तले तेव्हा वृद्ध पिता हयात होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. ज्याबद्दल एका प्राध्यापकाची नोकरी गेली, ते आता सरकारी धोरण झाले होते.

सरकारने साधने स्वीकारली, पण ज्ञान स्वीकारले नाही. ही विसंगती आजतागायत चालत आली आहे. शाळांसाठी आखलेला किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम २००७ मध्ये महाराष्ट्राने विधिमंडळातील गदारोळानंतर रोखून धरला. इतर काही राज्यांनीही तेच केले. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांतून लैंगिक शिक्षण नको, विवाहापूर्वी संबंध नको एवढा संदेश पुरे, अशा आशयाची शिफारस केली. योगायोग असा की, त्याच २००७ मध्ये अमेरिकेत सरकारी पैशाने चालणाऱ्या, केवळ संयम शिकविणाऱ्या चार कार्यक्रमांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे शिक्षण घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या वर्तनात कोणताही फरक आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. संयमाचा उपदेश निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्ञानाच्या जागी ठेवलेला उपदेश निष्फळ ठरतो, एवढाच अर्थ आहे.

आता हा उपदेश घनसावंगी तालुक्यातील एखाद्या वर्गात नेऊन पाहावा. लग्न होईपर्यंत थांब, असे पंधरा वर्षांच्या मुलीला सांगावयाचे. आणि तिचे लग्न तर येत्या हंगामाआधीच ठरलेले. ती थांबली, तिने कोणताही नियम मोडला नाही, आणि तरीही सतराव्या वर्षी उसाच्या फडात ती पोटुशी आहे. केवळ संयम शिकविणाऱ्या पाठात या मुलीसाठी एक ओळही नाही. आपले शरीर कसे चालते, कोवळ्या वयातील गर्भारपण का धोक्याचे, पाळणा लांबवावयाचा तर काय करावे, अठरा वर्षांखालील विवाह रोखण्यासाठी कोणाकडे जावे आणि नवऱ्यालाही नकार देता येतो की नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ आहे. तो घरी वाचा असे सांगून पुढे जाणाऱ्या शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या पाठीशी ना प्रशिक्षण असते, ना मुख्याध्यापक, ना पालकसभा. एकट्या शिक्षकाने रघुनाथराव व्हावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ते काम शासनाने आणि समाजाने त्याच्यासाठी सोपे करून द्यावयाचे असते.

शिक्षणाने उसाच्या धंद्याचा नियम बदलणार नाही, उचल बंद होणार नाही, हे खरे. त्यासाठी मागे राहणाऱ्या मुलींकरिता वसतिगृहे हवीत, गावातच रोजगार हवा. पण ज्ञानाला खर्च फारसा लागत नाही. लागते ती संकोच सोडण्याची तयारी. संयम आणि सुरक्षितता यांत निवड करावयाची आहे, हे मुळातच चुकीचे गृहीत आहे. ज्याला कळते त्यालाच संयम करता येतो; ज्याला कळत नाही त्याच्या वाट्याला एकतर भीती येते किंवा अपघात. रघुनाथरावांना न्यायालयाने ठोठावलेला दंड त्यांनी भरून टाकला, तो हिशेब केव्हाच मिटला. ज्ञान दडवून ठेवल्याचा दंड मात्र अद्याप वसूल होत आहे आणि तो भरीत आहेत त्या ज्यांनी कोणताही अपराध केलेला नाही.